हिवताप आणि आपल्या घराची भिंत

दरवर्षी डिसेंबर महिन्याच्या ३ तारखेस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणासाठी असंख्य भाविक जुन्या गोव्यात जमतात. बॉम जेझूसची बासिलिका, समोरचे भव्य सी कॅथेड्रल, संत फ्रान्सिस असिसीचे देऊळ ही सारी डोळे भरून पाहताना अनेकांच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. एवढी मोठी देवळे ज्या लोकांनी बांधली, त्यांचे शहर कोठे गेले? त्या शहराच्या ऱ्हासाला व्यापाराची उतरती कळा व इतर कारणे होतीच. परंतु सतराव्या शतकात तेथे पुनःपुन्हा उद्भवलेल्या पटकीच्या व हिवतापाच्या साथी हे त्यांतील एक फार मोठे कारण होते. लोक घरेदारे सोडून मांडवीच्या मुखाकडे सरकत गेले, आणि १८४३ मध्ये पणजी हीच अधिकृत राजधानी ठरली. मागे उरली ती देवळे, मठांच्या भिंती आणि माडांची बने.

तापाने गावे ओस पडतात, ही गोष्ट आपल्या भागात केवळ प्राचीन इतिहासाची नाही. गोव्याच्या दक्षिणेस लागून असलेला आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याला भिडलेला उत्तर कानडा जिल्हा घ्या. हा जिल्हा त्या काळी मुंबई प्रांतात मोडत असे. पुढे १९५३ मध्ये बेळगावचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून १९७६ मध्ये कारवारचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत तेथील ख्रिस्ती कुटुंबे आपल्याच मेंढवाड्यातील होती. सुपा, हल्याळ, यल्लापूर, शिरसी हा सारा मुलूख दाट रानाचा, ओढ्यानाल्यांचा, भातखाचरांचा आणि सुपारीच्या बागांचा. पाणी मुबलक, जमीन सुपीक; तरीही माणसे टिकत नसत. १९०१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेचार लाख होती. ती १९२१ मध्ये सुमारे चार लाखांवर उतरली. या घसरणीत १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाचाही वाटा होता. पण रानपट्ट्यातील गावांचा नित्याचा वैरी होता तो हिवताप. मुलांची पोटे पाणथरीने फुगलेली, बाया रक्तहीन, आणि ऐन कामाच्या दिवसांत घरातील कर्ता पुरुष गोधडीखाली कुडकुडत पडलेला, असे चित्र घरोघरी दिसे.

याच जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या धारवाड जिल्ह्यात, १९४६ च्या सुमारास, हिवतापाविरुद्ध असा एक प्रयत्न झाला की त्याने साऱ्या देशाला वाट दाखविली. त्या प्रयत्नाची कथा, पुढे मिळालेला विजय, आणि त्या विजयानंतर आलेली हार, या तिन्हींत आपल्या कुटुंबांसाठी मोठा बोध आहे. म्हणून ही हकीकत येथे सविस्तर देत आहोत.

शत्रूची ओळख

पूर्वी लोक समजत की दलदलीतून उठणारी दूषित हवा अंगात शिरून हा ताप येतो. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. १८८० मध्ये अल्जीरियात काम करणाऱ्या लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने रोग्याच्या रक्तात या तापाचे सूक्ष्म जंतू प्रथम पाहिले. ते जंतू एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे, हे कोडे मात्र आणखी १७ वर्षे सुटले नाही. ते सुटण्यास आरंभ झाला तो आपल्याच दख्खनमध्ये. २० ऑगस्ट १८९७ रोजी हैदराबादेजवळील सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी, हिवतापाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या जठराच्या आवरणात या जंतूंची वाढ होत असलेली पाहिली. पुढील वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की माणसाचा हिवताप पसरविणारा डास ॲनॉफिलीस जातीचाच असतो. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या डासाच्या तीन सवयी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढील सारी हकीकत सुलभ होईल. पहिली सवय अशी की रक्त पिते ती केवळ मादी, आणि तेही बहुधा सूर्यास्तानंतर. दुसरी अशी की रोग्याचे रक्त प्यायल्याबरोबर ती रोग पसरवू शकत नाही. तिच्या अंगात जंतू पक्व होण्यास साधारणपणे दहा-बारा दिवस, थंडीत त्याहूनही अधिक काळ लागतो. तितके दिवस ती जगली तरच तिचा दंश घातक ठरतो. तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची. पोटभर रक्त प्यायलेली मादी जड होते आणि विश्रांतीसाठी जवळच्या भिंतीवर, आढ्याखाली किंवा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते.

कानडा जिल्ह्यात रोग पसरविणारी मुख्य जात होती ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस. डोंगरउतारावरील संथ वाहणाऱ्या, गवताळ काठांच्या ओहोळांत आणि पाझरांत तिची पैदास होते, आणि माणसाचे रक्त तिला विशेष प्रिय असते. शहरातील एखादी विहीर झाकता येईल, एखादे डबके बुजविता येईल. पण सह्याद्रीच्या कुशीतील हजारो झरे कोण आणि कसे बुजविणार?

येशूसंघीयांची साल

दंश टाळता येत नसेल तर औषध घ्यावे, हा दुसरा मार्ग होता. आणि त्या औषधाच्या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचे नाव कोरलेले आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात काम करणाऱ्या येशूसंघीय मिशनऱ्यांना सतराव्या शतकात सिंकोना वृक्षाच्या सालीचा गुण कळला. त्यांनी ती साल रोमला धाडली. रोम तर तेव्हा हिवतापाचे आगरच होते. येशूसंघीय कार्डिनल हुआन दे लुगो यांनी ही साल तेथील गोरगरीब रोग्यांना वाटण्याचा पुढाकार घेतला. यावरून तिला ‘येशूसंघीयांची साल’ आणि ‘कार्डिनलची पूड’ अशी नावे पडली. १८२० मध्ये पेलतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतील सत्त्व वेगळे काढले. तेच क्विनीन, आपले वाडवडील त्यालाच कोयनेल म्हणत. १८९२ पासून बंगालमध्ये, आणि पुढे इतर प्रांतांतही, कोयनेलाच्या पुड्या टपाल कचेरीतून अल्प किमतीत विकल्या जाऊ लागल्या.

परंतु कोयनेल कडू, देशात पुरेसे नाही, आणि ताप उतरला तरी ते डासाला आवरीत नाही. त्यातच दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या मार्चमध्ये, जपानने जावा बेट जिंकले. जगातील बहुतेक कोयनेल त्याच बेटातून येत असे. आधीच दुर्मिळ असलेले औषध आता खेड्यातील रोग्याला मिळणे जवळजवळ अशक्यच झाले.

मुंबई प्रांतातील प्रयोग

याच युद्धाच्या धामधुमीत एक नवे द्रव्य पुढे आले. स्वित्झर्लंडमधील पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डी.डी.टी. या पांढऱ्या भुकटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला होता. त्याबद्दल त्यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर घरात फवारण्यासाठी पायरेथ्रम नावाच्या फुलांचा अर्क वापरीत. तो उडणाऱ्या डासांना मारी, पण त्याचा प्रभाव फार वेळ टिकत नसे. म्हणून फवारणी पुनःपुन्हा करावी लागे. खेड्यांना हा खर्च झेपणारा नव्हता. डी.डी.टी.चे वैशिष्ट्य असे की पाण्यात कालवून एकदा भिंतीवर फवारली की ती भिंत कित्येक आठवडे डासांना मारक राहते.

मुंबई प्रांताच्या मलेरिया संघटनेचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी कानडा व धारवाड या जिल्ह्यांत हाच उपाय मोठ्या प्रमाणावर योजला. ओढ्यांचा नाद सोडून त्यांनी आपले सारे लक्ष घराच्या भिंतीवर वळविले. त्यामागील विचार अगदी सरळ होता. मादी रक्त पिऊन भिंतीवर बसणार, आणि रोग पसरविण्याआधी तिला दहा-बारा दिवस जगावे लागणार. या काळात ती पुनःपुन्हा घरात येते, पुनःपुन्हा भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असेल तर ते दिवस पुरे होण्याआधीच ती मरेल, आणि एका घरातील ताप दुसऱ्या घरात जाणार नाही. पहिला डास चावेल कदाचित. पण त्याने उचललेला रोग पुढे पोहोचणार नाही.

साधने साधीच होती. एक बादली, त्यात उभा धरून पायाने दाबून ठेवायचा आणि हाताने चालवायचा पंप, लांब रबरी नळी आणि टोकाला तोटी. एकाने पंप मारावयाचा, दुसऱ्याने भिंतीवर, आढ्याखाली, गोठ्यात एकसारखा फवारा धरावयाचा. रानातील पायवाटांनी हे सारे डोक्याखांद्यावरून गावोगाव न्यावे लागे.

यशाचे मोजमाप कसे करावयाचे? मुलांचे पोट चाचपून किती मुलांची पाणथरी वाढलेली आहे हे पाहत, आणि तान्ह्या बालकांचे रक्त तपासत. यांतील दुसरी कसोटी विशेष मार्मिक होती. मोठ्या माणसाच्या रक्तातील जंतू जुन्या तापाचे असू शकतात. पण फवारणीनंतर जन्मलेल्या बाळाच्या रक्तात जंतू सापडले नाहीत, तर त्या गावात नवी लागण थांबली असे समजण्यास हरकत नसते. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान मुलांतील हिवताप इतक्या झपाट्याने उतरला होता की ही योजना प्रांताच्या इतर जिल्ह्यांतही पसरत गेली. एरवी पाळण्यातच ज्याला हुडहुडी भरली असती, असे बाळ आता निरोगी वाढू लागले. एका आईच्या दृष्टीने या साऱ्या शास्त्राचा अर्थ एवढाच होता.

देशव्यापी मोहीम

स्वातंत्र्याच्या वेळी, १९४७ मध्ये, देशाची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी होती. त्या काळच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक त्याने मरत. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून अधिक माणसे दरवर्षी या तापाने अंथरूण धरीत. १९४९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उत्तर प्रदेशाची तराई, ओरिसातील जेपूरचे डोंगर, म्हैसूर संस्थानचा मलनाड आणि मलबारमधील एरनाड येथे प्रात्यक्षिक पथके कामाला लागली. मुंबई प्रांताचा अनुभव तर पाठीशी होताच. या साऱ्याच्या आधारावर १९५३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दर चौरस मीटर भिंतीला एक ग्रॅम डी.डी.टी., वर्षातून दोन वेळा, असे प्रमाण ठरले. अमेरिकेने औषध, मोटारी व पंप पुरविले. १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन दिल्लीस डी.डी.टी.चा कारखानाही उभा राहिला.

पाच वर्षांत रोग्यांची संख्या सुमारे वीस लाखांपर्यंत खाली आली. या यशाने उत्साह इतका वाढला की १९५८ मध्ये कार्यक्रमाचे नावच बदलले. ‘नियंत्रण’ जाऊन त्या जागी ‘निर्मूलन’ हा शब्द आला. १९६५ साली देशभरात नोंदलेल्या रोग्यांची संख्या सुमारे एक लाख होती, आणि हिवतापाने मृत्यू झाल्याची नोंद एकही नव्हती. कोठे साडेसात कोटी आणि कोठे एक लाख! मानवजातीच्या इतिहासात एवढ्या मोठ्या देशाने इतक्या थोड्या काळात एखाद्या रोगाला असे मागे रेटल्याची उदाहरणे फार थोडी आढळतील.

गृहिणीचा वाटा

या विजयाचे श्रेय शास्त्रज्ञांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु फवाऱ्याचा पंप घेऊन आलेल्या माणसाला दार उघडले कोणी? घरातील भांडीकुंडी, धान्याची कणगी, अंथरुणे, पाळणा आणि भिंतीवरील पवित्र तसबिरी काढून अंगणात कोणी नेल्या? जेवणाचे जिन्नस कोणी झाकले, गुरे कोणी बाहेर बांधली? वर्षातून दोनदा हा सारा खटाटोप घरच्या बाईने केला, तेव्हा कोठे भिंतीला औषध लागले.

त्याहूनही एक सूक्ष्म गोष्ट आहे. आपल्या खेड्यांतील घरे मातीची. सण आला की भिंती सारवावयाच्या, चुना लावावयाचा, ही आपली जुनी चांगली रीत. दिवाळीपूर्वी हिंदू बंधूंच्या घरी आणि नाताळापूर्वी आपल्या घरी हेच चाले. परंतु औषध फवारलेल्या भिंतीवर शेणामातीचा एक हात फिरला की त्याखाली सारे औषध गाडले जाई, आणि डासाला पुन्हा निर्धास्त बसण्यास जागा मिळे. स्वच्छतेच्या हेतूने केलेले कामच अशा वेळी रोगाच्या पथ्यावर पडे. म्हणून आधी सारवण उरकून मग फवारणी करून घ्यावी, आणि फवारणीनंतर काही महिने भिंतीला हात लावू नये, हे घरोघर समजावून सांगावे लागे. ज्या गावात हे समजले, तेथे त्याच औषधाने अधिक काम केले.

लोकांच्या तक्रारीही होत्या. भिंतींवर पांढरे डाग पडतात, उग्र वास येतो, असे म्हणणारे पुष्कळ होते. आरंभी या फवाऱ्याने डासांबरोबर माश्या आणि ढेकूणही मरत, म्हणून लोक आनंदाने दारे उघडीत. काही वर्षांनी ढेकणांना औषध बाधेनासे झाले. मग अनेकांना वाटले की औषधात दम उरला नाही, आणि त्यांनी दारे लावून घेतली. ढेकूण डोळ्यांना दिसतो. हिवताप न आलेले वर्ष मात्र डोळ्यांना दिसत नाही. निरोगी दिवसांची जाणीव माणसाला फार लवकर बोथट होते.

फवारणी झाली की तिची तारीख दाराजवळच्या भिंतीवर लिहून ठेवीत. निर्गमाच्या पुस्तकातील हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. मिसर देशातील त्या रात्री इस्राएलाच्या कुटुंबांनी दाराच्या चौकटीवर कोकराच्या रक्ताची खूण केली, आणि संहार त्या घरांना टाळून पुढे गेला. त्या पवित्र प्रसंगाशी औषधाच्या फवाऱ्याची तुलना करण्याचा हेतू नाही. परंतु एक गोष्ट तेथे स्पष्ट दिसते. रक्षण परमेश्वराचे होते, तरी चौकटीवर खूण करण्याचे काम त्याने प्रत्येक कुटुंबावर सोपविले होते. आपल्या हातून होण्याजोगे काम तो सहसा आपल्याकडून काढून घेत नाही.

पंधरा दिवसांनी येणारा पाहुणा

निर्मूलनाच्या काळात आणखी एक मोठे काम सुरू झाले. डास कमी झाले तरी काही माणसांच्या अंगात जंतू दडून राहतात. असा एकही माणूस उरला तर त्याच्यापासून साथ पुन्हा पेटू शकते. म्हणून दर दहा हजार लोकवस्तीमागे एक कर्मचारी नेमण्यात आला. दर पंधरवड्यास त्याने प्रत्येक घरी जावयाचे आणि विचारावयाचे की घरात कोणाला ताप आहे काय, गेल्या पंधरा दिवसांत कोणाला येऊन गेला काय, परगावाहून कोणी पाहुणा आला आहे काय. ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा, आणि तेथल्या तेथे क्लोरोक्वीनच्या गोळ्या द्यावयाच्या. एका घरात पाच माणसे धरली तर दहा हजार वस्तीची सुमारे दोन हजार घरे होतात. ती सारी पंधरा दिवसांत फिरावयाची, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. ऊन असो वा पाऊस, ओढा भरलेला असो वा वाट चिखलाची, फेरी चुकता कामा नये. या माणसांची नावे कोठे कोरलेली नाहीत. पण १९६५ च्या त्या आकड्यामागे त्यांच्या पायांची झीज आहे.

हार कशी आली

वाचकहो, कथा येथेच संपली असती तर किती बरे झाले असते! पण १९६५ नंतर रोग्यांचा आकडा पुन्हा वर चढू लागला. दहा वर्षांत तो कोठल्या कोठे गेला, आणि १९७६ मध्ये देशात सुमारे ६४ लाखांवर रोगी नोंदले गेले.

असे का झाले? कारणे अनेक होती. डी.डी.टी.चा पुरवठा वेळेवर होईना. पश्चिम भारतासह अनेक भागांत मैदानी प्रदेशातील ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासाला ते औषध बाधेनासे झाले. शेतीत डी.डी.टी. बेसुमार वापरली गेली, हे याचे एक कारण होते. तिचा अंश माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतो, हेही पुढे कळून आले, आणि १९८९ मध्ये भारतात शेतीसाठी तिच्या वापरावर बंदी आली. शहरांतील टाक्या व विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डासाकडे आरंभी पुरेसे लक्ष गेले नव्हते. त्यासाठी १९७१ मध्ये स्वतंत्र शहरी योजना सुरू करावी लागली. आणि ज्या जिल्ह्यांतून रोग हटला असे वाटले, तेथील फिरती माणसे काढून घेण्यात आली. त्यांचे काम ज्या दवाखान्यांनी उचलावयाचे, ते दवाखाने पुष्कळ ठिकाणी अद्याप उभेच राहिले नव्हते.

या सर्व कारणांच्या तळाशी मनुष्यस्वभावाचा एक दोष दिसतो. धोका टळला असे वाटले की पहारा ढिला पडतो. सरकारने पहारा ढिला केला आणि घरांनीही केला. ताप येत नाही, मग दार कशाला उघडावयाचे? ताप एका गोळीने उतरला, मग उरलेल्या गोळ्या कशाला घ्यावयाच्या? देवीच्या रोगाचे उदाहरण याउलट आहे. तेथे लस होती, रोग फक्त माणसांतच राहत असे, आणि शेवटचा रोगी सापडेपर्यंत शोध थांबविला गेला नाही. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळलेला नाही. हिवताप डासाच्या आश्रयाने जगतो, म्हणून त्याच्याविरुद्धचा पहारा अधिक लांब चालवावा लागतो.

१९७७ मध्ये सरकारने योजना नव्याने आखली. फवारणी आणि औषधवाटप यांची घडी पुन्हा बसविण्यात आली, गावोगावी औषध मिळण्याची सोय झाली, आणि आकडा पुन्हा हळूहळू उतरू लागला. परंतु एकदा निसटलेली संधी परत मिळविण्यास पिढ्या लागतात.

गोव्याचा अनुभव

गोव्यात या गोष्टीचा प्रत्यय अलीकडे आला. १९८६ च्या सुमारास पणजी शहरात हिवतापाने डोके वर काढले. ज्या शहरात लोक जुन्या गोव्याच्या साथींपासून दूर म्हणून येऊन राहिले, त्याच शहरात तो आला. या वेळी त्याचे आश्रयस्थान होते बांधकामे. इमारतींसाठी साठविलेले पाणी, स्लॅबवर उभे राहिलेले पाणी, उघड्या टाक्या, यांत स्टीफेन्सी डासाची पैदास होई. आणि दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेल्या मजुरांपैकी काहींच्या अंगात आधीच जंतू असत. गोव्यात या संकटाला उत्तर म्हणून टाक्यांना झाकणे, पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडणे, अळ्यांना मारणारे जिवाणू वापरणे, आणि मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देणे, हे उपाय योजण्यात आले.

येथे एक गोष्ट विसरू नये. ताप घेऊन आलेला मजूर हा आपला शत्रू नव्हे. तो उघड्यावर झोपतो, त्याला मच्छरदाणी नसते, आणि रजा घेतली तर त्याची मजुरी बुडते. त्याला हाकलून रोग जात नाही. त्याची तपासणी आणि औषधोपचार झाले तरच आपले घरही सुरक्षित राहते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आणि आरोग्यशास्त्राचा नियम येथे एकच गोष्ट सांगतात.

आज आपण काय करावे

२०३० पर्यंत देशातून हिवताप नाहीसा करावयाचा, असे उद्दिष्ट शासनाने २०१६ मध्ये ठरविलेले आहे. २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या काम करीत आहेत. बोटाच्या एका थेंबावर अल्पावधीत निदान करणारी साधने आता खेड्यातही पोहोचली आहेत. साधने पूर्वीपेक्षा चांगली आहेत; उणीव राहू नये ती आपल्या बाजूने.

ताप आला, विशेषतः थंडी वाजून आला, तर घरगुती काढ्यांत दिवस न दवडता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. हिवताप निघाल्यास औषधाचा क्रम पूर्ण करावा. वायव्हॅक्स जातीच्या हिवतापात काही जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून त्यासाठी १४ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या थांबविणाऱ्यास तोच ताप काही महिन्यांनी पुन्हा गाठतो. गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांना मात्र कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंपे, टाक्या, कुंड्यांखालच्या बश्या, टाकून दिलेली टायरे आणि नारळाच्या करवंट्या यांतील पाणी ओतून टाकावे. डासाच्या अंड्याचा डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्याआधीच त्याची वाट मोडते. विहिरीवर जाळी आणि अंथरुणावर मच्छरदाणी असावी. धर्मग्रामातील तरुणांनी चर्चच्या आवारापासून आणि दफनभूमीपासून आरंभ करावा. कबरींवरील फुलदाण्यांतही पाणी साचते. आणि आशा ताई दारी येईल तेव्हा तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवू नये. तिला बसावयास सांगावे, पाणी द्यावे, आणि घरातील तापाची खरी माहिती द्यावी.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात अगदी पहिल्याच अध्यायात एका तापाची हकीकत आहे. शिमोन पेत्राची सासू तापाने पडली होती. प्रभु येशूने तिचा हात धरून तिला उठविले. ताप गेला, आणि ती लगेच घरी आलेल्या पाहुण्यांची सेवा करू लागली. त्याच संध्याकाळी गावातील सारे आजारी त्या घराच्या दारापाशी आणले गेले, आणि दार बंद झाले नाही, असे तेथे दिसते. ज्या घराला आरोग्याचे वरदान मिळाले, त्या घराचे दार गावासाठी उघडे राहिले. हिवतापाच्या या दीर्घ लढ्यात परमेश्वराने आपल्याकडून मागितलेला वाटा याहून फारसा निराळा नाही.